चौदा इंची एल्बो

अशफाक हमदुलेनं शिरस्त्राण बनवलं
ते एसी डक्टच्या चौदा इंची एल्बोचं.
आतून काळा स्पंज, बाहेरून चंदेरी पट्टी,
डोळ्यांपुढे टिफिनच्या झाकणाचं प्लास्टिक.
स्टोअरकीपरला म्हणाला, सोमवारी आणून देतो,
आणि वहीत सही केली :
एक नग, तात्पुरता.

शारजाच्या जुबैल स्टँडवर सकाळी आठला
तो ते घालूनच उभा.
मी चार पावलं लांब, जणू ओळखच नाही.
ड्रायव्हर म्हणाला, गॅस सिलिंडर बसमध्ये चालत नाही.
"काढ की रे," मी म्हटलं.
"नाय काढणार," आतून आवाज आला,
"तू नळी धर."
मग दुबईपर्यंत त्याची ऑक्सिजनची नळी धरून बसलो,
वॉशिंग मशीनची, खरं तर.

ती मालिका तो दाभोळात बघायचा, खालाकडे.
मी विट्यात, सायकल दुकानाच्या फळीवर बसून.
हिंदीत बोलणारे गोरे लोक,
पुठ्ठ्याचे ग्रह, आणि एक यान
ज्याला तो आर्गेली म्हणतो, मी आर्जली.
अकरा वर्षं यावरून आमचं भांडण,
खोलीतले बाकीचे सहाजण विटलेत.
मग एका रविवारी त्याच वेळी
कसला तरी साबणाचा कार्यक्रम लागला.
यान घरी पोचलं की नाही
कुणी सांगितलंच नाही.

हॉलमध्ये शिरलो तर हा
आधी छताकडेच बघत राहिला.
"जोड चुकलाय तिकडं. हवा फुकट जातेय."
खाली तलवारी, पंख, हिरवी तोंडं.
एका फिलिपिनो पोरीला आठ हात
आणि त्यातल्या एकात शावरमा.
अबाया घातलेल्या दोघी बहिणी
उजेडाच्या काठ्यांनी भावाला झोडपत होत्या.
आमच्या मालिकेचा कोपरा शौचालयाशेजारी :
एक टेबल, एक म्हातारा.
तोच. इंजिनखान्यातला.
तिसऱ्या पर्वात गुदमरून मेलेला.
रांगेत आम्ही धरून नऊ जण.

फोटोवर सहीचे एकशेवीस दिरहम.
अशफाकनं पाकीट उघडलं, मिटलं.
आत काय होतं मला ठाऊक होतं,
धाकटीच्या फीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी.
मी माझं उघडलंच नाही.

म्हाताऱ्यानं शिरस्त्राण हातात घेतलं,
उलटंपालटं केलं, शिवणीवर टिचकी मारली.
कुठून आणलं, म्हणाला.
"मेड बाय मी, सर. एसी डक्ट."
तो हसला नाही. म्हणाला,
आमची तर मासे ठेवायच्या काचभांड्यांची होती.
मेलो त्या दिवशी खरंच श्वास कोंडला होता,
सगळ्यांना वाटलं काय अभिनय करतोय.
आणि आतल्या स्पंजवर पांढऱ्या मार्करनं सही केली.
पैसे घेतले नाहीत.

मग मी विचारलं,
तीस वर्षं गालात धरून ठेवलेलं :
यान पोचलं का घरी?
तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला.
"मी तिसऱ्या पर्वातच गेलो ना, बाबा.
मला कोण सांगणार?"
बोलता बोलता त्यानं यानाचं नाव घेतलं.
आर्ग्लाय.
आम्ही दोघंही चुकलो होतो.
परतीच्या बसमध्ये कुणीच बोललं नाही.

सोमवारी एल्बो स्टोअरमध्ये जमा.
बुधवारी नहदातल्या एका टॉवरमध्ये
चौदाव्या मजल्यावर, मोठ्या बेडरूमच्या छतात
अशफाकनंच तो बसवला.
मी म्हटलं, सहीपुरता तुकडा तरी कापून घ्यायचास.
म्हणाला, "स्पंज कापला का पाणी सुटतं, येड्या.
छताला डाग पडतो."

त्या फ्लॅटमध्ये अजून कुणी राहायला आलेलं नाही.
अशफाक मधूनमधून चौकशी करतो,
एसी नीट चालतोय ना.